काट्याच्या खोलीतून

पहाटे पाचला पहिला ट्रक काट्यावर चढतो
आणि माझ्या कॉफीत बारीक लाटा उठतात.
खिडकी सरकवते. पारा शून्याच्या बराच खाली.
वरची लोखंडी सोंड वळते, मक्यात घुसते,
चार ठिकाणचे दाणे ओढून आणते.
ओल पंधरा पूर्णांक आठ.
पंधराच्या वर गेली की पैसे कापायचे.

ट्रकमध्ये व्हर्लिन हूकस्ट्रा.
"कापलेस ना माझे?"
"कापले."
"बरं केलंस. मालकाचं भलं झालं."

मालक म्हणजे तोच. तोही.
गावाबाहेर हा कारखाना उभा राहिला तेव्हा
पाचशेवर घरांनी पैसे घातले.
व्हर्लिनने नव्या ट्रॅक्टरचे घातले;
जुना अजून चालवतो, शिव्या देत.

मका महागला की शेतकरी व्हर्लिन शीळ घालत येतो,
भागीदार व्हर्लिन शेजारी बसून
काचेबाहेर बघत राहतो.
भाव पडला की दोघं जागा बदलतात.
वीस वर्षं झाली, एकाच सीटवर हे दोघं,
आणि हीटर एकच.

छप्पन पौंडांचा बुशेल.
आत जातो, भरडला जातो, गरम पाण्यात कालवून
त्याची लापशी होते, लापशीची साखर होते,
मग टाकीत यीस्ट सोडतात.
यीस्टचं मला उगाच वाईट वाटतं.
दोन-सव्वादोन दिवस ते खातं, वाढतं, फसफसतं,
आणि स्वतः केलेल्या दारूतच गुदमरून मरतं.
रात्रपाळीचा डेल्बर्ट म्हणतो,
सगळ्या कारखान्यात तेवढेच बिनपगारी,
म्हणून तर हिशेब जुळतो.

बुशेलमागे पावणेतीन गॅलन, कधी थोडी वर.
जवळजवळ तेवढ्याच वजनाचा वायू निघून जातो.
उरलेला तिसरा वाटा पेंड:
गाईंना, डुकरांना, टर्कींना.
वाईट महिन्यांत आम्हाला पेंड पोसते.
हे मंडळाच्या अहवालात शेवटच्या पानावर असतं.

आणि सगळं ऊर्ध्वपातन झाल्यावर,
पाण्याचा शेवटचा थेंब गाळून काढल्यावर,
त्या स्वच्छ, नितळ दारूत
पेट्रोल ओततात. शंभरात दोन.
कुणी पिऊ नये म्हणून.
व्हर्लिनच्या बायकोचे आजोबा
ओट्सच्या गंजीखाली भट्टी लावायचे;
आठ महिने तुरुंगात काढले.
अर्दिस म्हणते, त्यांचं चुकलं एवढंच,
पेट्रोल घालायचं राहिलं.

जानेवारीत शाळेच्या जिममध्ये सभा झाली.
बास्केटच्या खाली घडीच्या खुर्च्या,
कागदी कपात कॉफी, लिंबाच्या वड्या.
हिशेबनीसाने सांगितलं,
प्रत्येक गॅलनला चार सेंट आपण खिशातले घालतोय.
सुकवायला लागणारा गॅस महागलाय, इथेनॉल पडलंय.
दोनच वाटा:
सहा आठवडे बंद, नाहीतर
मक्याला बुशेलमागे वीस सेंट कमी.
बंद, म्हणजे मी घरी.
मी कुणाकडेही बघितलं नाही. वडी खाल्ली.

भाव कमी करायला कोण तयार?
व्हर्लिनचा हात निघाला,
कानापाशी थांबला,
चष्मा सारखा करून आला,
मग पूर्ण वर गेला.
मागून कुणीतरी खाकरलं.
अर्दिस स्वतःच्या पर्समध्ये काहीतरी शोधत होती
बराच वेळ.

हे आठवड्यापूर्वीचं.
आज तो नव्या भावाचा पहिला गिऱ्हाईक.
यंत्रातून पावती सरकते, मी फाडून देते.
तो वाचतो. पुन्हा वाचतो.
टोपीच्या आत खोचून ठेवतो,
तिथे आधीच्याही आहेत.
"तुझ्या या काट्याला," म्हणतो, "एकदा तरी माझी दया येऊ दे."
"काटा तुमचाच आहे," मी म्हणते.
हसतो. गिअर कुरकुरतो.

ट्रक उतरतो.
आकडे धावत खाली येतात
आणि शून्याच्या आधीच थांबतात.
साठ पौंड.
काट्यावर काहीच नाही, फक्त बर्फ,
चाकांनी आणलेला, कडेला साचलेला.
मागच्या ट्रकने दिवे चमकवले.
खिडकी लावते, हातमोजे चढवते,
झाडू घेऊन बाहेर जाते.
सगळीकडे पाव भाजल्यासारखा वास.